लहरींची फोड आणि दामोदर कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना मराठी वाचक ओळखतो तो इतिहासकार म्हणून. वाशी-खारघरच्या एमआरआय केंद्रात किंवा ईसीजीच्या पट्टीमागे जे गणित चालते, त्याच्याशीही त्यांचे जवळचे नाते आहे.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. बौद्ध विद्येचे पंडित असलेल्या वडिलांबरोबर ते लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे गणित शिकवत असताना, १९४३ मध्ये, त्यांचा एक शोधनिबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला.

विषय असा. शरीरातून येणारा सिग्नल म्हणजे अनेक लहरींची सरमिसळ. ती सुटी करण्याची फूरिये यांची रीत १९व्या शतकातली. १०२४ नोंदी त्या रीतीने सरळ फोडायच्या तर साडेदहा लाखांच्या आसपास गुणाकार करावे लागतात. ‘फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म’ तेच काम पाचेक हजारांत उरकते. एमआरआयचे चित्र झटपट पडद्यावर येते ते यामुळे. या जलद रीतीचेही प्रकार आहेत: रॅडिक्स-२, रॅडिक्स-४, स्प्लिट-रॅडिक्स. कुठे गुणाकार आणखी कमी, कुठे मांडणी सोपी. उत्तर मात्र सगळ्यांचे एकच, कारण मोजायच्या लहरी आधीच ठरलेल्या असतात.

कोसंबींनी नेमके तेच बदलले. लहरी आधी ठरवायच्या नाहीत, नोंदींच्या परस्परसंबंधांतूनच शोधायच्या. तयार कपडा घालण्याऐवजी शिंप्याने अंगाचे माप घ्यावे, तसे. मग मोजक्या घटकांत बहुतेक माहिती मावते. ईसीजीतले ठोके तपासायला ही रीत वापरली गेली आहे. पण माप घेणे खर्चिक. नोंदी वाढल्या की आकडेमोड भराभर फुगते आणि तिथे फूरियेची जलद रीत सहज पुढे जाते.

निबंध आला तो महायुद्धाच्या धामधुमीत. पुढे काही वर्षांतच कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी तोच सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला आणि नाव त्यांचे लागले. १९४४ च्या कामाचे नशीब बरे: गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे ‘कोसंबी सूत्र’ आनुवंशशास्त्रात आजही वापरात आहे.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणले. पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा असे. पुढे अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्या, असे ते उघडपणे सांगू लागले. १९५९ मध्ये रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा त्यांचा दावा टिकला नाही. त्या एका चुकीची सावली आधीच्या भक्कम कामावरही पडली, हे काही न्याय्य नव्हते. १९६२ मध्ये संस्थेने कराराचे नूतनीकरण केले नाही.

१९६५ मध्ये कूली आणि टूकी यांची जलद रीत प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, २९ जूनला, पुण्यात कोसंबींचे निधन झाले; वय ५८. आता काही अभ्यासक त्या सिद्धांताला तिघांचे नाव देतात, आणि त्यात कोसंबी पहिले येतात.