शिरोडकरांचा टाका

गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला टाका घालतात, हे बहुतेक घरांत ऐकून माहीत असते. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत हा टाका एका मराठी डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो. ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, इंग्लंडमध्ये एफआरसीएस झाले आणि परतून ग्रँटमध्येच प्राध्यापक झाले.

काही स्त्रियांचा गर्भ दर वेळी चौथ्या ते सातव्या महिन्यात पडतो, औषधे आणि विश्रांती देऊनही थांबत नाही, हे त्यांनी पाहिले. कारण त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कमजोरीत दिसले. गर्भाचे वजन वाढले की ते तोंड फारशा कळा न येताच उघडते. म्हणून ते आधीच बांधून ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी मांडीच्या स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी वापरली. ही शस्त्रक्रिया १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी तिची सोपी पद्धत मांडली. आज दोन्ही वापरात आहेत.

अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रियेतही शिरोडकरांचे काम मोठे आहे. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

३७ आठवड्यांआधीची प्रसूती म्हणजे मुदतपूर्व प्रसूती. तिचा धोका ओळखण्यासाठी शिरोडकरांकडे मुख्यतः आधीच्या गर्भपातांची हकिगत आणि हाताने केलेली तपासणी होती. आता अकोल्यात, जठारपेठेत राहणाऱ्या गरोदर स्त्रीलाही सोनोग्राफीने पिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घेता येते. २४ आठवड्यांपूर्वी ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर धोका वाढलेला समजतात. मग प्रोजेस्टेरॉन द्यायचे की टाका घालायचा, हे डॉक्टर ठरवतात. टाका प्रत्येकीला लागत नाही. घातलेला टाका साधारण ३६-३७ आठवड्यांना काढतात.

हकिगतीचे महत्त्व मात्र कमी झालेले नाही. आधीचा गर्भ कितव्या महिन्यात गेला, कळा आल्या होत्या का, पाणी आधी गेले का, पिशवीच्या तोंडावर कधी शस्त्रक्रिया झाली का, हे पहिल्याच तपासणीत सांगावे. संकोचाने किंवा घरच्यांच्या धाकाने लपवलेला गर्भपात डॉक्टरांना कळला नाही, तर टाका घालण्याची वेळ निघून जाऊ शकते.