कार्लोस बुलोसान : मजुरांचा लेखक
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सुट्टीत गावी गेलो की पारावरची मंडळी हमखास विचारतात, शिकून पुढे काय करणार? या प्रश्नाला माझ्यापाशी अजून पक्के उत्तर नाही. गेल्या वर्षी ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक हाती आले. फिलिपाईन्समधल्या एका खेडवळ कुटुंबापुढेही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा होता, हे त्यावरून कळले. त्या कुटुंबातल्या मुलाचे नाव कार्लोस बुलोसान.

कार्लोसचा जन्म १९११ च्या सुमारास लुझोन बेटावरील पांगासिनान प्रांतात, बिनालोनान या गावी झाला. वडील शेतकरी. आई खारवलेली मासळी डोक्यावर घेऊन गावोगावी विकायची. देशावर तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य होते. १८९८ च्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. १९०१ मध्ये शेकडो अमेरिकन शिक्षक बोटीने आले आणि खेडोपाडी शाळा निघाल्या. मुले इंग्रजी शिकू लागली. घरातला एक मुलगा शिकला म्हणजे सगळे घर वर येईल, अशी आशा गरिबाच्या मनात रुजली. या आशेपायी कित्येकांनी जमिनी गहाण टाकल्या. कार्लोसच्या पुस्तकातही थोरल्या भावाच्या शिक्षणासाठी बापाची जमीन तुकड्यातुकड्याने हातची जाते.

शाळा निघाल्या, पण शिकलेल्यांना सामावून घेईल असे काम देशात निघाले नाही. जमीन मूठभर जमीनदारांकडे होती आणि कुळाला निम्मे पीक मालकाच्या घरी पोचवावे लागे. कारखाने थोडे, मास्तरकीच्या आणि कारकुनीच्या जागाही थोड्याच. १९०३ पासून सरकारने काही निवडक विद्यार्थी शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. ते परत आले ते मोठ्या हुद्द्यांवर बसले. त्यांचे पाहून पुढे सामान्य घरांतली मुले कर्ज काढून निघाली. काम करून शिकू, असा त्यांचा हिशेब होता. पण कित्येकांच्या वाट्याला हॉटेलातली भांडी घासणे आणि श्रीमंतांच्या बंगल्यात घरगडी होणे एवढेच आले.

जुलै १९३० मध्ये कार्लोस सिॲटल बंदरात उतरला. हायस्कूलही पुरे झालेले नव्हते. थोरले भाऊ आधीच गेलेले होते. मुहूर्त मात्र वाईट होता. १९२९ च्या अखेरीस महामंदी सुरू झाली होती. जानेवारी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे जमावाने फिलिपिनोंवर हल्ले केले आणि फर्मिन तोबेरा नावाचा तरुण शेतमजूर गोळी लागून मेला.

त्या वर्षी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सुमारे ४५ हजार फिलिपिनो होते, त्यांतले ३० हजार एकट्या कॅलिफोर्नियात. त्यांची स्थिती विचित्र होती. ते अमेरिकेच्या अमलाखालचे, म्हणून परदेशी नव्हेत. आणि गोरे नव्हेत म्हणून नागरिकही नव्हेत. गोऱ्या स्त्रीशी लग्नाला १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायद्याने बंदी घातली. फिलिपिनोंना प्रवेश नाही, अशा पाट्या हॉटेलांच्या दारावर असत. शतावरी आणि लेट्यूस ही दिवसभर कमरेत वाकून काढायची पिके. ती काढायला मात्र हेच हात हवे असत. उन्हाळ्यात अलास्कातल्या मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यांत जायचे. सगळा व्यवहार मुकादमामार्फत चाले. बुलोसानच्या पुस्तकातल्या नायकाच्या हाती अलास्कातला सगळा हंगाम काढल्यावर कापाकापी होऊन फक्त १३ डॉलर पडतात.

हा प्रसंग वाचताना मी थांबलो. माझे आईवडील ऊसतोडीला जात. मी पाचवीत असताना वडिलांनी मुकादमाची चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली होती. उचलीतले अजून किती फिटायचे राहिले, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. मी आकडा वाचला. ते काही बोलले नाहीत. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

कार्लोस मजुरांच्या संघटनेत ओढला गेला. ख्रिस मेन्साल्व्हास हा मजूर पुढारी त्याचा जवळचा मित्र. कार्लोस मजुरांत हिंडला, त्यांच्या नियतकालिकांसाठी लिहू लागला. १९३६ मध्ये क्षयाने त्याला गाठले. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात सुमारे दोन वर्षे गेली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, फासळ्या काढाव्या लागल्या. याच काळात त्याचे खरे शिक्षण झाले. सनोरा व डोरोथी बॅब या बहिणी त्याला पुस्तके आणून देत. तो खाटेवर पडून वाचत राहिला. पदवी त्याला कधीच मिळाली नाही. पण त्या खाटेवरून उठला तो लेखक होऊन.

१९४३ मध्ये सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या मोठ्या खपाच्या साप्ताहिकाने अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या चार स्वातंत्र्यांवर चार लेख छापले. त्यांतला अभावापासून मुक्तीवरचा लेख बुलोसानने लिहिला. ज्या देशाचे नागरिकत्व त्याला मिळू शकत नव्हते, त्या देशाला भूक म्हणजे काय हे त्याने समजावून सांगितले. १९४४ मध्ये वडिलांवरच्या विनोदी कथांचा संग्रह गाजला. १९४६ मध्ये ‘अमेरिका इज इन द हार्ट’ आले. हे पुस्तक आत्मचरित्रासारखे लिहिलेले आहे, तरी त्यातले सगळेच प्रसंग त्याच्या एकट्याचे नाहीत. अनेक मजुरांची दुःखे त्याने आपल्या नावावर घेतली आहेत.

त्याच वर्षीच्या जुलैत दोन घटना घडल्या. २ जुलैच्या कायद्याने फिलिपिनोंना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. तोच हक्क त्याच कायद्याने आपल्या भारतीयांनाही मिळाला. ४ जुलैला फिलिपाईन्स स्वतंत्र झाला. कार्लोस मात्र मायदेशी कधीच परतला नाही.

पुढचे दिवस वाईट आले. कम्युनिस्टांचा संशय घेण्याच्या त्या काळात त्याच्यावर गुप्तचरांची पाळत होती. लेखनाला बाजार उरला नाही. १९५२ मध्ये त्याने सिॲटलच्या कारखाना कामगारांच्या संघटनेचे वार्षिक संपादित केले. दारिद्र्यात आणि आजारात ११ सप्टेंबर १९५६ रोजी सिॲटलमध्येच त्याचा अंत झाला. १९७३ मध्ये त्याचे पुस्तक पुन्हा छापले गेले आणि नव्या पिढीने त्याला शोधून काढले. त्याच्या थडग्यावर साजेसा दगड बसला तो १९८४ मध्ये.

त्याने मांडलेला प्रश्न मिटला आहे का? १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षमळ्यांत मजुरीसाठी पहिला संप पुकारला तो फिलिपिनो मजुरांनीच. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने माणसे परदेशी कामाला पाठवणे हे धोरणच केले. जुलै २०२४ मध्ये मनिला महानगरातील किमान मजुरी दिवसाला ६४५ पेसो ठरली. गावाकडे ती याहून कमीच. म्हणून पदवीधर परिचारिका आखातात जाते, शिकलेली शिक्षिका हाँगकाँगला मोलकरीण होते. मुले शिकतात, पण त्या शिक्षणाला साजेसे काम गावी नसते. यात दोष त्या मुलांचा नाही, हे बुलोसान वाचल्यावर मला पटले.

शिकून नोकरी मिळेलच असे वचन कार्लोसचे आयुष्य आपल्याला देत नाही. त्याने एवढेच केले, की जे वाचू-लिहू शकत नव्हते त्यांचा हिशेब लिहून काढला आणि जगाला वाचून दाखवला. पारावरच्या प्रश्नाला हे पुरेसे उत्तर नाही, हे मला ठाऊक आहे. पण परवा वडिलांनी पुन्हा एक चिठ्ठी पुढे केली. या खेपेला नुसता आकडा वाचून मी थांबलो नाही. सगळी बेरीज त्यांच्यासमोर पुन्हा मांडली.