ज्या शिक्षिकेची नोकरी सरकारनं हिसकावली, तिनं दुकानाच्या मागच्या खोलीतून हजारो मतदार घडवले

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की मार्टिन ल्युथर किंग यांची भाषणं आठवतात, रोझा पार्क्स यांची बस आठवते. पण हा लढा रात्रीच्या वर्गांमध्येही लढला गेला. तिथं पन्नाशी-साठी उलटलेली माणसं स्वतःचं नाव लिहायला शिकत होती.

त्या वर्गांमागे होत्या सेप्टिमा क्लार्क.

सेप्टिमा यांचा जन्म १८९८ चा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरातला. वडील गुलामीत जन्मलेले, आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवणारी. त्या शिकून शिक्षिका झाल्या, पण शहरातल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत. म्हणून १९१६ मध्ये त्यांना जॉन्स आयलंड या बेटावर जावं लागलं.

तिथं दोन शिक्षिका आणि १३२ मुलं. सेप्टिमा यांचा पगार महिन्याला ३५ डॉलर. समोरच्याच गोऱ्यांच्या शाळेत मुलं तीन आणि तिथल्या बाईंना पगार ८५ डॉलर!

हा फरक त्या विसरल्या नाहीत. चार्ल्स्टनच्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक घ्यावेत म्हणून त्यांनी दारोदार सह्या गोळा केल्या. पुढे समान पगारासाठीच्या न्यायालयीन लढ्यातही त्या उतरल्या.

मग आलं १९५६. सरकारी नोकरांनी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं सदस्य असू नये, असा कायदा राज्यानं केला. सेप्टिमा यांनी सदस्यत्व सोडायला नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली, सोबत पेन्शनही. त्यांनी कृष्णवर्णीय शिक्षकांना सातशेहून जास्त पत्रं पाठवून साथ मागितली. उत्तरं आली फक्त २६.

वयाच्या ५८ व्या वर्षी त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये पूर्णवेळ कामाला लागल्या. तिथं गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र बसून शिकत. बसमधली जागा सोडायला नकार देण्याच्या काही महिने आधी रोझा पार्क्स याच संस्थेत सेप्टिमा यांच्या शिबिराला आल्या होत्या.

आता प्रश्न होता मताचा. साउथ कॅरोलायनात मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना शाळाच मिळाली नव्हती, त्यांना ही अट बाहेर ठेवायला पुरेशी होती.

यावर उपाय निघाला जॉन्स आयलंडवरच. जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली नागरिकत्व शाळा सुरू झाली. पुढं दुकान ठेवलं होतं, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला होत्या सेप्टिमा यांच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन. त्यांचा व्यवसाय ब्युटीपार्लरचा. शिक्षकी तोरा नसलेली, आपल्यातलीच बाई हवी, हा सेप्टिमा यांचा आग्रह होता.

बर्निस यांनी सोबत नेलेली मुलांची पुस्तकं बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला मुलांची पत्रं वाचायची होती. तोच झाला अभ्यासक्रम. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहून द्यायचं, हाताला वळण पडेपर्यंत त्यावरून पेन्सिल फिरवायची. मग मतदार नोंदणीचा अर्ज, मग राज्यघटनेतले शब्द.

१९६१ मध्ये किंग यांच्या संघटनेनं हा उपक्रम हाती घेतला. जॉर्जियातल्या केंद्रात गावोगावचे शेतकरी, मजूर, घरकाम करणाऱ्या बाया शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेऊन परतू लागल्या. १९७० पर्यंत अशा ८९७ शाळा चालल्या. त्याच संघटनेत बायकांचं ऐकलं जात नाही, हेही सेप्टिमा यांनी उघडपणे सांगितलं.

१९७६ मध्ये राज्याच्या गव्हर्नरनं त्यांची पेन्शन पुन्हा सुरू केली. त्याच सुमारास चार्ल्स्टनच्या लोकांनी त्यांना शाळा मंडळावर निवडून दिलं. ज्या शाळांनी त्यांना काढलं होतं, त्यांचाच कारभार आता त्या पाहत होत्या.

१९८७ मध्ये त्या गेल्या. एका सहीपासून हक्कांचा धडा सुरू करता येतो, हे दाखवून गेल्या.