डेक्कन क्वीनमधले गणिती : डी. डी. कोसंबी, कार्ल्याची लेणी आणि चेहरे ओळखणारा कॉम्प्युटर

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, वर लोहगड-विसापूर, आणि हायवेच्या पलीकडच्या डोंगरात कार्ले. गेल्या पावसाळ्यानंतर मी इथे तीन-चार रविवार फोन घेऊन हिंडलो. लेण्यांतल्या ब्राह्मी अक्षरांचे फोटो काढायचे आणि त्यांवर एक छोटं मशीन लर्निंग मॉडेल शिकवायचं, असा घरगुती प्रयोग होता. ब्राह्मीतला 'क' अगदी सोपा, अधिकच्या चिन्हासारखा. मॉडेलने एका फोटोत तो ९७ टक्के खात्रीने ओळखला. मी खूश. पुढच्या रविवारी जागेवर जाऊन बघतो तर काय, तिथे अक्षर नव्हतंच. दगडातली एक भेग छिन्नीच्या एका घावाला आडवी छेदून गेली होती, एवढंच.

घरी येऊन चूक शोधताना मी ज्या गणितापाशी पोचलो, ते अशा माणसाचं निघालं जो याच डोंगरांत माझ्याआधी सत्तर वर्षं हिंडत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. मराठी वाचकाला हे नाव इतिहासकार म्हणून माहीत असतं, आणि बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे चिरंजीव म्हणून. पण पोटापाण्याचा धंदा विचाराल तर ते गणिताचे प्रोफेसर होते. म्हणून आज त्यांची गोष्ट, आपल्या विषयाच्या बाजूने.

हार्वर्ड ते फर्ग्युसन

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेला गेले, तिथे शाळा, मग हार्वर्ड. १९२९ मध्ये उच्च श्रेणीत पदवी घेतली. त्या काळात नॉर्बर्ट वीनर यांच्याशी ओळख झाली आणि ती टिकली. वीनर म्हणजे ज्यांनी पुढे १९४८ मध्ये 'सायबरनेटिक्स' हा शब्द रूढ केला, यंत्र आणि प्राणी दोघेही माहितीवर निर्णय कसे घेतात याचा एकत्र विचार केला, तेच.

भारतात परतल्यावर आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला त्यांना बोलावलं आंद्रे वेल या फ्रेंच गणित्याने. तिथला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३१ मध्ये कोसंबींनी एक शोधनिबंध छापला आणि त्यात 'बुर्बाकी' नावाच्या रशियन गणित्याच्या प्रमेयाचा हवाला दिला. असा कोणी माणूसच नव्हता! वेल यांच्या डोक्यातून निघालेली ती थट्टा होती. पुढे फ्रान्समधल्या गणित्यांच्या गटाने हेच टोपणनाव घेऊन जाडजूड ग्रंथ लिहिले. आज चॅटबॉटने नसलेल्या पुस्तकाचा संदर्भ दिला की आपण कपाळाला हात लावतो. इथे ते काम शुद्धीवर असलेल्या दोन गणित्यांनी मजेने केलं होतं.

१९३३ पासून बारा वर्षं ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. आपल्या कामाचं जे आहे ते बरंचसं याच काळातलं.

चोवीस आकड्यांचे दोन आकडे

१९४३ मध्ये त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलनांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध छापला. नाव ऐकून घाबरू नका, उदाहरण घेऊ.

समजा लोणावळ्याचं तापमान तुम्ही वर्षभर दर तासाला नोंदवलं. म्हणजे रोजचे २४ आकडे, असे ३६५ दिवस. प्रत्येक दिवसाची एक वक्ररेषा झाली. आता सगळ्या दिवसांची सरासरी रेषा काढा आणि प्रत्येक दिवसातून ती वजा करा. उरलं ते त्या दिवसाचं वेगळेपण. ते वेगळेपण २४ दिशांनी अस्ताव्यस्त पसरलेलं असतं का? नाही. सकाळी गार असलेला दिवस दुपारीही बहुधा गारच असतो. म्हणजे पहिला आकार 'पूर्ण दिवस वर किंवा खाली'. दुसरा आकार 'पहाट आणि दुपार यांतला फरक'. जुलैत ढगांमुळे तो फरक थोडा, जानेवारीत मोठा. प्रत्येक दिवसात पहिला आकार किती आणि दुसरा किती, एवढे दोन आकडे ठेवले तरी तो दिवस पुष्कळसा परत उभा करता येतो. बाकीचे आकार बारीकसारीक.

हे आकार आपण ठरवायचे नाहीत, आकडेवारीतूनच काढायचे, आणि ते असे काढायचे की कमीत कमी आकारांत जास्तीत जास्त फरक पकडला जाईल. हे सलग वक्ररेषांसाठी नीट मांडणारा निबंध म्हणजे कोसंबींचा. काही वर्षांतच फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच काम केलं, आणि पाठ्यपुस्तकांत ते 'कार्हुनेन-लोएव्ह विस्तार' म्हणून गेलं. कोसंबींचं नाव गळलं. युद्धाचा काळ, भारतातलं नियतकालिक, कोण वाचणार? अलीकडे काही लेखक त्यांचं नाव आधी लावतात, पण माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गात तरी ते कोणी उच्चारलं नव्हतं.

१९८७ मध्ये सिरोविच आणि किर्बी यांनी माणसांच्या चेहऱ्यांच्या फोटोंवर हीच युक्ती वापरली. फोटोतले हजारो ठिपके म्हणजे हजारो आकडे; पण सरासरी चेहरा वजा केला की उरलेला फरक थोड्या आकारांत मावतो. १९९१ मध्ये टर्क आणि पेंटलँड यांनी त्यावर चेहरा ओळखणारा प्रोग्रॅम उभा केला. आजचे फोन न्यूरल नेटवर्क वापरतात, ही पद्धत जशीच्या तशी नाही. पण डेटा दिसतो तितका विस्कळीत नसतो, तो थोड्या दिशांत बसतो, या गृहीतावर सगळ्या मशीन लर्निंगचा डोलारा उभा आहे. माझ्या अक्षरांच्या मॉडेलची पहिली पायरीही हीच होती.

दुसऱ्याच वर्षी, १९४४ मध्ये, त्यांनी जनुकशास्त्राला एक सूत्र दिलं. गुणसूत्रावरची दोन जनुकं पुढच्या पिढीत किती वेळा वेगळी होतात ते मोजता येतं, पण त्यावरून त्यांच्यातलं अंतर थेट मिळत नाही, कारण दोनदा अदलाबदल झाली तर ती दिसतच नाही. कोसंबींचं सूत्र ही तूट भरून काढतं. वेगळं होण्याचं प्रमाण ३० टक्के असेल तर अंतर सुमारे ३४.७ एकक येतं. पिकांच्या वाणांवर काम करणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही 'कोसंबी' हा पर्याय असतो.

आणि नाणी! तक्षशिलेच्या आहत नाण्यांवर तारीख नसते. कोसंबींचा विचार असा, की नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि मागच्या बाजूला वेळोवेळी नवे ठसे पडत जातात. मग वजन आणि ठसे यांचा मेळ घालून नाण्यांची आधी-नंतरची रांग लावता येईल. पण झिजेचा हिशेब खरा कशावरून? म्हणून त्यांनी चलनातली हजारो नाणी एकेक करून तराजूत घातली. त्यांवर वर्ष छापलेलं असतं, पडताळा घेता येतो. हल्लीच्या भाषेत, उत्तर माहीत असलेल्या डेटावर आधी मॉडेल तपासलं.

घाटातली वर्षं

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. संस्था मुंबईत, कोसंबींचं घर पुण्यात, भांडारकर संस्थेच्या परिसरात. ते डेक्कन क्वीनने ये-जा करत राहिले. ही गाडी १९३० पासून घाट चढतेय. तिच्यात बसून त्यांचं वाचन-लेखन चाले, आणि खिडकीबाहेर आठवड्यातून कितीदा तरी हेच मावळ जाई.

१९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेत गेले. काम होतं इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास. काळ बघा : जून १९४८ मध्ये मँचेस्टरला स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्रॅम चालला होता, मे १९४९ मध्ये केंब्रिजचं एडसॅक सुरू झालं, आणि प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत कोसंबी काही काळ राहिले तिथे फॉन नॉयमन यांचं यंत्र जुळवलं जात होतं. कॉम्प्युटर ही गोष्ट जन्मत असताना इतक्या जवळून पाहिलेले भारतीय फार थोडे.

पुढे त्यांच्याच संस्थेत टिफ्रॅक बांधला गेला, पण तो रंगास्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण गटाने. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये, पूर्ण यंत्र १९६० मध्ये. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी फेराइट कोअर मेमरी. म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या 'गुड मॉर्निंग'च्या फुलाला याच्या कितीतरी पट जागा लागते.

कोसंबींचं मन तोवर दुसरीकडे होतं. ते कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी पायी फिरत होते. त्यांचा प्रश्न असा : ही लेणी इथेच का? शिलालेखांत दान देणारे वारंवार आपलं गाव धेनुकाकट सांगतात. ते कुठलं? डोंगरातल्या शेंदूर लावलेल्या देवी नेमक्या जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का? आजूबाजूला अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारं का सापडतात? एकेक पुरावा तसा लंगडा. पण कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणारी व्यापारी वाट, मेंढपाळांची फिरती वाट, देवीची जागा आणि लेणी हे सगळं एका रेषेत पडायला लागलं की ती रेषा दिसते. कार्ल्याच्या लेखात या प्रदेशाचं नाव 'मामाल' असं येतं. मावळ हे नाव त्यांनी मावलायांशी, पाण्याकाठच्या त्या लहान मातृदेवतांशी जोडलं. धेनुकाकट त्यांना कार्ल्याजवळच्या देवघर गावात दिसलं. ते सगळ्या अभ्यासकांनी मान्य केलेलं नाही, पण युक्तिवाद वाचताना मला तरी त्यात १९४३ च्या निबंधाचाच हात दिसतो. विस्कळीत नोंदींतून दोन-तीन मुख्य दिशा काढायच्या, आणि मग चालत जाऊन खात्री करायची.

जिथे चालत जाता येत नाही

मूळ संख्यांच्या बाबतीत मात्र चालत जाता येत नाही, आणि तिथेच घोळ झाला.

रीमान यांचं गृहीतक १८५९ चं. १० लाखांपर्यंत मूळ संख्या किती, याचा एका सूत्राने अंदाज येतो सुमारे ७८,६२८. प्रत्यक्षात आहेत ७८,४९८. फरक १३० चा. संख्या वाढत जातील तसा हा फरक किती मर्यादेत राहील, असा तो प्रश्न. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, कोसंबींनी तो संभाव्यतेच्या मार्गाने सुटल्याचं मांडलं. कल्पना सुंदर होती : संख्यारेषेचे असे तुकडे पाडायचे की प्रत्येकात मूळ संख्यांची अपेक्षा सारखी असेल, आणि मग त्या यदृच्छेने पडल्यासारख्या वागतात असं दाखवायचं. निबंध छापला कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणिती जगाने तो सिद्धता म्हणून स्वीकारला नाही.

अडचण कुठे होती? यदृच्छेने निवडलेली कोणतीही मालिका 'जवळपास नक्की' अमुक वागेल, हे सिद्ध करता येतं. पण मूळ संख्या यदृच्छेने निवडलेल्या नाहीत. ती एकच ठरलेली मालिका आहे, आणि नेमकी तीच अपवाद नाही कशावरून? वरच्या उदाहरणात सूत्राचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त आला. लोकांनी जितक्या संख्या मोजून पाहिल्या तितक्यांत तो जास्तच येतो, आजही. तरी लिटलवूड यांनी १९१४ मध्येच सिद्ध केलंय की पुढे कुठेतरी तो कमी पडतो, आणि एकदा नव्हे, अनंत वेळा. कोट्यवधी उदाहरणं एका बाजूला आणि सत्य दुसऱ्या बाजूला.

हे कोसंबींना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरी ते मागे हटले नाहीत. ज्या विचारपद्धतीने नाणी, जनुकं, वाटा सगळीकडे यश दिलं ती इथे अडते हे मान्य करणं जड गेलं असावं, हा माझा तर्क. किंमत मोठी पडली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारण हे एकच नव्हतं. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर पैसा लावा असं ते उघडपणे म्हणत, आणि भाभांशी संबंध ताणलेले होते. पण संस्थेतल्या गणित्यांच्या नजरेतून ते उतरले ते याच दाव्यामुळे. १९६३ मध्ये मूळ संख्यांच्या वितरणावरचा त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यातला संख्याशास्त्रीय भाग पुढच्या अभ्यासकांनी आदराने वाचलाय.

डेक्कन क्वीनची ये-जा थांबली, फिरणं चालू राहिलं. १९६४ मध्ये सीएसआयआरने त्यांना मानद वैज्ञानिक केलं, पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत बसून ते काम करू लागले. २९ जून १९६६ ला झोपेतच गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

माझ्या मॉडेलचं सांगायचं राहिलं. ते ९७ टक्के म्हणजे या भेगेबद्दलची खात्री नव्हतीच. शिकवताना दाखवलेल्या फोटोंत असा आकार कायम 'क' निघाला होता, एवढाच त्याचा अर्थ. भेग मी त्याला कधी दाखवलीच नव्हती. आता मी नुसत्या भेगांचे दोनशे फोटो वेगळे काढलेत, त्यातले निम्मे भाज्याचे. तिथला दगड ओला असताना भेगा जास्त काळ्या दिसतात, म्हणून ते काम पुढच्या जुलैत पुन्हा करावं लागणार आहे.