२२ जून : संत थॉमस मोर – मुलीने शपथ घेतली, वडिलांनी नाही

वाचन : मत्तय १०:३४-३९



आज ख्रिस्तसभा दोन इंग्लिश रक्तसाक्ष्यांचं स्मरण करते, बिशप संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर. दोघांचाही शिरच्छेद १५३५ साली, दोन आठवड्यांच्या अंतराने झाला. त्यांच्या स्मरणदिनाचं शुभवर्तमान जरा अवघडच आहे. प्रभू येशू इथे शांतीची नाही, तलवारीची भाषा करतो. आणि ती तलवार चालते कुठे, तर घरात. मुलगा आणि बाप, मुलगी आणि आई, सून आणि सासू.

हा उतारा आपल्या वयाच्या लोकांना एका कारणासाठी आवडतो असं मला वाटतं. घरच्यांशी वाजलं की तो पटकन हाताशी येतो. मी रोज मिस्साला जातो, घरी कुणाला त्याचं काही नाही. मी लाच द्यायला नाही म्हटलं तर भाऊ वेड्यात काढतो. मग मनात येतं, चालायचंच, प्रभूने आधीच सांगून ठेवलंय. म्हणून आज फिशर ह्यांना थोडं बाजूला ठेवून थॉमस मोर ह्यांच्याविषयी लिहितोय. बिशपांना बायको-मुलं नव्हती. मोर मात्र चार मुलांचे बाप, कर्ता पुरुष, सरकारी नोकरीतले. ती तलवार त्यांच्या घरात खरोखर चालली, आणि ती चालत असताना ते कसे वागले हे मला बघायचंय.

थॉमस १४७८ साली लंडनमध्ये मिल्क स्ट्रीटवरच्या घरात जन्मले. वडील वकील, पुढे न्यायाधीश झाले. मुलगा हुशार म्हणून आर्चबिशप मॉर्टन ह्यांच्या घरी कामाला आणि शिकायला राहिला, मग ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याला ग्रीक-लॅटिनची गोडी लागली, आणि दोनेक वर्षांतच वडिलांनी त्याला परत बोलावून वकिलीला घातलं. (आर्ट्‌सला जायचं होतं आणि इंजिनिअरिंगला घातलं, असे आपल्यात कितीजण आहेत, हात वर करा.) पुढे तरुण वकील असताना ते लंडनच्या कार्थुसियन मठाजवळ राहून संन्याशांबरोबर सुमारे चार वर्षं प्रार्थना करत होते. मठात जायचं की संसार करायचा, हा त्यांचा खरा प्रश्न होता. शेवटी त्यांनी संसार निवडला. मठातली एक गोष्ट मात्र सोडली नाही : अंगाला टोचणारा केसांचा सदरा ते आयुष्यभर कपड्यांच्या आतून घालत राहिले. घरात तो मार्गारेटला माहीत होता, तो धुवायचं काम तिच्याकडे असायचं.

मार्गारेट म्हणजे थोरली मुलगी. १५०५ मध्ये त्यांचं जेन कोल्टशी लग्न झालं आणि सहा वर्षांत चार मुलं : मार्गारेट, एलिझाबेथ, सेसिली आणि जॉन. १५११ मध्ये जेन गेली. महिन्याभरात मोर ह्यांनी दुसरं लग्न केलं, स्वतःपेक्षा वयाने मोठ्या विधवेशी, ॲलिस मिडलटनशी. लोकांनी नावं ठेवली असणार. पण चार लहान मुलांच्या बापाला घर सांभाळणारं माणूस हवं होतं, आणि ॲलिसबाईंनी ते घर खंबीरपणे सांभाळलं. त्यांची आधीची मुलगीही ह्याच घरात आली. शिवाय आई-बाप नसलेली एक-दोन मुलं मोर ह्यांनी सांभाळायला घेतली होती. सगळी एकाच छपराखाली शिकत होती.

ह्या घरातल्या शाळेविषयी थोडं थांबून सांगतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना लॅटिन, ग्रीक, तर्कशास्त्र, खगोलशास्त्र शिकवणारा बाप विरळाच. मोर ह्यांनी मुलींना मुलाच्या बरोबरीने शिकवलं. कामासाठी बाहेरगावी गेले की मुलांनी रोज लॅटिनमध्ये पत्र लिहावं असा त्यांचा आग्रह असे. मार्गारेट तर इतकी तयार झाली की प्रभूच्या प्रार्थनेवरचं इरॅस्मसचं पुस्तक तिने इंग्रजीत आणलं आणि ते छापून आलं, तेव्हा ती विशीच्या आसपास होती. हा इरॅस्मस त्या काळातला युरोपातला सर्वांत मोठा विद्वान आणि मोर ह्यांचा जिवलग मित्र, लंडनला आला की त्यांच्याच घरी उतरायचा. घरात माकड होतं, इतर पाळीव प्राणी होते, थट्टामस्करी होती, आणि रात्री सगळ्यांची एकत्र प्रार्थना होती.

नोकरीतली चढती कमान पटकन सांगतो. १५१६ मध्ये ‘युटोपिया’ प्रसिद्ध झालं. १५१८ च्या सुमारास राजा आठव्या हेन्रीच्या सेवेत. १५२१ मध्ये सर ही पदवी. १५२३ मध्ये पार्लमेंटचे स्पीकर. ऑक्टोबर १५२९ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजानंतरचं जवळपास सर्वांत मोठं पद. राजा न सांगता चेल्सीच्या त्यांच्या घरी जेवायला यायचा, बागेत त्यांच्या गळ्यात हात टाकून फिरायचा. जावई विल्यम रोपर हे बघून हरखून गेला. मोर ह्यांनी मात्र त्याला हसत सांगितलं की आपलं डोकं देऊन फ्रान्समधला एखादा किल्ला मिळत असेल, तर राजा क्षणाचा विचार करणार नाही.

आता एक गोष्ट, जी संतचरित्रांत बहुतेक वेळा गाळली जाते. मोर चॅन्सेलर असताना सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं. काहींना पकडण्यात आणि त्यांची चौकशी करण्यात मोर स्वतः सामील होते, आणि आपल्या लेखनात त्यांनी ह्या शिक्षेचं समर्थन केलं. तो काळच तसा होता, असं म्हणून मला पुढे जावंसं वाटत नाही. जाळलेल्यांनाही घरं होती, आणि तेही आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला धरून उभे होते. विचित्र म्हणजे ह्याच मोर ह्यांच्या स्वतःच्या घरात काही काळ एक लूथरपंथी राहत होता : जावई रोपर. सासऱ्यांनी त्याच्याशी खूप वाद घातले, मग वाद बंद केले आणि त्याच्यासाठी नुसती प्रार्थना करत राहिले. रोपर परत आला, आणि पुढे त्यानेच सासऱ्यांचं पहिलं चरित्र लिहिलं. घरच्या माणसाला दिलेली ही सवलत ऑफिसातल्या मोर ह्यांनी बाहेरच्यांना दिली असती तर, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

राजाला राणी कॅथरिनपासून मोकळं होऊन ॲन बोलिनशी लग्न करायचं होतं. पोप महोदय आधीचं लग्न रद्द ठरवत नव्हते. मग राजाने इंग्लंडच्या धर्मसभेवर स्वतःचाच अधिकार सांगितला. १५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरूवर्गाने राजापुढे मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी मोर ह्यांनी राजीनामा दिला.

घरी ही बातमी त्यांनी आपल्या पद्धतीने दिली. मिस्सा संपली की साहेब निघाल्याचं ॲलिसबाईंना त्यांच्या बाकापाशी येऊन सांगायचं काम एका सेवकाचं असे. त्या दिवशी मोर स्वतःच टोपी हातात घेऊन बाकापाशी गेले आणि वाकून म्हणाले की साहेब गेले. बाईंना आधी ती नेहमीची थट्टाच वाटली.

मग त्यांनी मुलं, सुना-जावई सगळ्यांना जमवलं आणि विचारलं की पगार बंद झाला, आता एकत्र राहायचं तर कसं राहायचं. कुणीच बोलेना. तेव्हा त्यांनीच हिशोब मांडला. ते शिकत आणि नोकरी करत ज्या ज्या ठिकाणी जेवले होते त्या पायऱ्यांनी आता खाली उतरायचं. पहिल्या वर्षी लिंकन्स इनमधल्या वकिलांसारखं जेवण. नाही परवडलं तर न्यू इनसारखं. तेही नाही जमलं तर ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसारखं. आणि तेही नाही झालं, तर झोळ्या घेऊन दारोदार जाऊ, पण सोबत जाऊ आणि गात जाऊ. ईएमआयचं टेन्शन असलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग एकदा डोळ्यांसमोर आणावा. निर्णय त्यांनी एकट्याने घेतला होता, आणि त्याची किंमत त्यांनी सगळ्यांसमोर उघड मांडली.

१५३४ मध्ये वारसाहक्काचा कायदा आला. ॲनची मुलं गादीचे वारस, आणि प्रत्येकाने तशी शपथ घ्यायची. १३ एप्रिलला मोर ह्यांना लॅम्बेथला बोलावलं. एरवी नदीवर होडीपर्यंत सगळं घर सोडायला यायचं. त्या दिवशी त्यांनी बागेचं फाटक आपल्या मागे ओढून घेतलं आणि एकट्या रोपरला घेऊन निघाले. लॅम्बेथला त्यांनी शपथेचा मजकूर मागून घेतला, कायदाही मागितला, आणि दोन्ही शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द वाचले. (आपण दिवसातून चार वेळा ‘आय ॲग्री’ दाबतो, एकदाही न वाचता.) गादीचा वारस ठरवणं पार्लमेंटच्या हातात आहे, तेवढ्यापुरती शपथ घ्यायला ते तयार होते. पण मजकुरात पोपचा अधिकार नाकारणंही गुंफलेलं होतं. म्हणून नाही. का नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. वकील होते, कारण सांगितलं की गुन्हा वाढतो हे त्यांना ठाऊक होतं. जे शपथ घेत होते त्यांना त्यांनी दोषही दिला नाही. १७ एप्रिलला त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं.

आणि मार्गारेटने शपथ घेतली.

देवाच्या नियमात बसेल तितकंच, एवढी पुस्ती जोडून तिने शपथ घेतली. तिनेच वडिलांना पत्र लिहून शपथ घ्यायची गळ घातली. ते पत्र आपल्याला इतर सगळ्या संकटांपेक्षा जास्त लागलं, असं त्यांनी तिला कळवलं. पण नातं तोडलं नाही, तू कच्ची निघालीस असं ऐकवलं नाही. तिला भेटायची परवानगी मिळाली. कोठडीत दोघं आधी एकत्र स्तोत्रं म्हणायची, मग बोलायची. मुलगी जीव तोडून वाद घालायची, लॅटिन-ग्रीक शिकवलेली, तर्कात तरबेज अशी मुलगी, आणि बाप शांतपणे उत्तर द्यायचा. तिने आपल्यासारखं वागावं असा आग्रह त्यांनी कधी धरला नाही. आपला विवेक आपल्यापुरता, तो दुसऱ्याच्या पाठीवर लादायचा नाही, अगदी पोटच्या मुलीच्याही नाही. चॅन्सेलरच्या खुर्चीत त्यांना जे उमगलं नव्हतं ते कोठडीत उमगलं का, हे मी ठरवू शकत नाही.

ॲलिसबाईही आल्या आणि सरळ ओरडल्या. चेल्सीला चांगलं घर आहे, बाग आहे, पुस्तकं आहेत, आणि एवढा शहाणा माणूस इथे उंदरांत पडून राहतो, म्हणजे काय! मला ह्या बाईंविषयी फार आदर वाटतो. चरित्रकारांनी त्यांना कजाग ठरवलं. पण नवऱ्याच्या आणि त्याच्या नोकराच्या तुरुंगातल्या जेवणाचे आठवड्याला पंधरा शिलिंग त्या भरत होत्या, आणि १५३५ मध्ये त्यासाठी त्यांना स्वतःचे कपडे विकावे लागले. पटत नव्हतं तरी पैसे भरत राहिल्या. हाही विश्वासच, आणि त्यांच्या नावाने कुठे वेदी नाही.

कोठडीत मोर प्रभूच्या गेथशेमानीतल्या दुःखावर लिहीत होते. शिपाई येशूला धरतात तिथे ते लेखन थांबलं आहे. पुढे त्यांची पुस्तकं आणि कागद काढून नेले. ४ मे रोजी कार्थुसियन संन्याशांना फाशीसाठी बाहेर काढलं, ते मोर ह्यांनी खिडकीतून पाहिलं. मार्गारेट शेजारी उभी होती. ज्या मठात ते तरुणपणी राहणार होते, त्याच मठाचे प्रमुख त्या मिरवणुकीत होते.

१ जुलैला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला झाला. रिचर्ड रिचच्या साक्षीवर त्यांना दोषी ठरवलं. ती साक्ष खोटी असल्याचं मोर ह्यांनी तिथेच सांगितलं. टॉवरकडे परत नेताना धक्क्यावर मार्गारेट थांबली होती. भाले घेतलेल्या शिपायांतून वाट काढत ती आत घुसली आणि सगळ्यांदेखत वडिलांच्या गळ्यात पडली. बाजूला झाली, दहा पावलं गेली, आणि राहवेना म्हणून परत धावत येऊन पुन्हा बिलगली. ५ जुलैला त्यांनी कोळशाने लिहिलेलं शेवटचं पत्र तिला होतं, त्यात धक्क्यावरच्या त्या भेटीचा आनंद लिहिला आहे. सोबत केसांचा सदरा पाठवला.

६ जुलैला टॉवर हिलवर कुऱ्हाड पडली. १९३५ मध्ये अकराव्या पायस पोपनी त्यांना संत घोषित केलं, २००० मध्ये दुसऱ्या जॉन पॉल पोपनी राजकारण्यांचा आश्रयदाता संत ठरवलं. ख्रिस्तसभेत मार्गारेटचा सण नाही. शपथ घेतलेली मुलगी ती. लंडन ब्रिजवर वडिलांचं शिर महिनाभर खांबावर लावलेलं होतं. नदीत फेकण्याआधी तिने ते मिळवलं, आणि १५४४ मध्ये मरेपर्यंत आपल्याजवळ जपून ठेवलं.