दोन रायफलींचा कॉर्बेट

जिम कॉर्बेटचे नाव निघाले की आपल्याकडे बोलणे वाघावर जाते आणि तिथेच रेंगाळते. मला मात्र गेली अनेक वर्षे कुतूहल आहे ते त्याच्या हातातल्या हत्याराचे. हे बंदुकीच्या हौसेतून आलेले नाही. हौस म्हणावी तर कॉलेजात एन.सी.सी.च्या परेडला पॉइंट टू-टूच्या चार गोळ्या झाडल्या, त्यापलीकडे माझी मजल नाही. कुतूहल जागे झाले ते त्याच्या कथांमधल्या एका तपशिलाने. कॉर्बेटने मारलेली पहिली नरभक्षक म्हणजे चंपावतची वाघीण आणि शेवटची म्हणजे ठाकची. मेल्यावर त्याने दोघींची अंगे तपासली आणि दोघींच्याही अंगावर जुन्या गोळीबाराच्या खुणा निघाल्या. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे गोळीने तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. ठाकच्या वाघिणीच्या खांद्यात बहुधा घरगुती छऱ्यांची जखम होती आणि ती कित्येक दिवस चिघळलेली असावी.

म्हणजे कोणीतरी, कधीतरी, हातात होती ती बंदूक वाघावर झाडली आणि तो घरी निघून गेला. पुढची किंमत गवत कापायला गेलेल्या बायकांनी आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या पोरींनी मोजली. चंपावतच्या एकट्या वाघिणीच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ बळी नोंदले गेले. शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी हा प्रश्न क्लबातल्या गप्पांचा वाटतो. पण या आकड्याच्या शेजारी ठेवला की तो तसा राहत नाही.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला जन्मला. वडील तिथले पोस्टमास्तर. १८८१ साली ते वारले तेव्हा जिम पुरता सहा वर्षांचाही नव्हता. घर मोठे, पैसा बेताचा. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा कुटुंबाचा शिरस्ता. गलोल आणि खड्यांची धनुकली यांवर हात बसल्यावर त्याला पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची दुनळी. तिची उजवी नळी चिरलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला! पुढे शाळकरी कॅडेट असताना सार्जंट-मेजरने त्याला लष्करी .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. एका वेळी एकच काडतूस घेणारी आणि खांद्याला सणसणीत धक्का देणारी ही रायफल घेऊन त्या पोराने पहिला बिबट्या मारला. माझ्या मते कॉर्बेटची सगळी पुढची शिस्त या दोन बंदुकांनी घडवली. एक नळी निकामी असली किंवा दुसरे काडतूस खिशातून काढून भरायचे असले, की माणूस पहिली गोळी झाडण्याआधी पुरता विचार करायला शिकतो.

मग रेल्वेची नोकरी, आधी इंधनाचा निरीक्षक म्हणून आणि नंतर मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचा कंत्राटदार म्हणून. तिथे त्याने वीसएक वर्षे काढली. नरभक्षकांच्या मागे तो जाई तो सुट्टी काढून.

१९०७ साली चंपावतला गेला तेव्हा त्याच्याजवळ .५००ची दुनळी रायफल होती. इथे आकड्यांचा खुलासा करायला हवा. हा आकडा म्हणजे गोळीचा, ढोबळ मानाने नळीच्या आतला, व्यास. इंचाच्या हजारांश भागांत. .५०० म्हणजे अर्धा इंच, अंगठ्याच्या नखाएवढा. एवढी गोळी वाघाला पुरून उरते. कमी पडली ती संख्या. गावकऱ्यांचा हाका सुरू झाला, गोंधळ उडाला, वाघीण निघाली, आणि कॉर्बेटच्या खिशात काडतुसे होती तीनच. ती संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण उभी होती. त्याने धावत जाऊन तहसीलदाराच्या हातातली बंदूक ओढून घेतली आणि वीस फुटांवर पोहोचल्यावर पाहिले, तर नळ्या आणि मागची बैठक यांच्यात तीन अष्टमांश इंचाची फट! बार मागे फुटला असता तर डोळे गेले असते. तरी त्याने ती झाडली. गोळी डोक्याऐवजी पंजाला लागली. वाघीण आधीच्या जखमांनी मेली म्हणून गोष्ट सुखरूप संपली. पुढे नैनितालच्या दरबारात संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्या तहसीलदाराला बक्षीस दिले ते नव्या बंदुकीचे. सरकारी बक्षिसांत इतके समयोचित बक्षीस क्वचितच असेल.

कॉर्बेटलाही ह्यूएट यांच्याकडून रायफल मिळाली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५, मॉसर पद्धतीची बोल्ट-अ‍ॅक्शन. कडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. एवढ्यात रिकामे कवच बाहेर पडते आणि पोटातल्या पेटीतून नवे काडतूस नळीत जाते. जर्मन मॉसरच्या या रचनेत एक लांब पोलादी नखी काडतुसाची कड सुरुवातीपासूनच पकडून ठेवते, त्यामुळे हात थरथरला, रायफल तिरकी झाली तरी काडतूस अडकण्याचा संभव कमी. .२७५ म्हणजे सात मिलिमीटर. गोळी १४० ग्रेनची, जेमतेम ९ ग्रॅम.

अट्टल शिकाऱ्यांनी नाक मुरडावे असे हे हत्यार होते. वाघासारख्या जनावरापुढे उंदराची गोळी, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्या काळच्या जाणत्यांचे मत दुनळीच्या बाजूचे: दोन नळ्या, दोन स्वतंत्र कळा, एक बिघडली तरी दुसरी शाबूत, आणि दुसरी गोळी झाडायला कडी ओढण्याचा वेळ लागत नाही, आवाजही होत नाही. पण चांगली दुनळी म्हणजे दोन नळ्यांचा नेम एका ठिकाणी जुळवून आणणाऱ्या कारागिराचे काही महिन्यांचे काम. तिची किंमत बोल्ट-अ‍ॅक्शनच्या कितीतरी पट. यातून मधला रस्ता निघाला तो मोठ्या गोळीच्या बोल्ट-अ‍ॅक्शनचा. जेफरीची .४०४ आली, १९११ साली रिग्बीची .४१६ आली, १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडची .३७५ मॅग्नम आली. आफ्रिकेत रानरेडा आणि हत्ती यांच्यासाठी या रायफली लोकप्रिय झाल्या, आणि आजही तिथल्या अनेक देशांत धोकादायक जनावरासाठी .३७५ ही किमान मर्यादा मानली जाते. ते रास्त आहे. रानरेड्याचे वजन सहा-सातशे किलो असते आणि हत्तीच्या कपाळात मेंदूपर्यंत पोहोचायला फूटभराहून अधिक हाड भेदावे लागते.

कॉर्बेटने हा मधला रस्ता धरल्याचे त्याच्या पुस्तकांत मला आढळत नाही. त्याने दोन टोके ठेवली. एक ही हलकी .२७५ आणि दुसरी जेफरीची .४५०/४०० दुनळी. या जोडआकड्याचा अर्थ असा, की कवच .४५०चे पण मान आवळून गोळी .४००ची केलेली, वजन ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम. तेव्हाच्या हिंदुस्थानात या आकड्याला महत्त्व होते. १९०७च्या सुमारास सरकारने .४५० गोळीच्या रायफलींवर इथे आणि सुदानात बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका हीच गोळी घेत आणि त्या बंडखोरांच्या हाती होत्या. .४०० त्या बंदीतून सुटली.

दोन्हींतली कोणती केव्हा, याचे उत्तर ११ एप्रिल १९३०च्या संध्याकाळी मिळते. चौगढच्या वाघिणीने तोवर ६४ माणसे खाल्ली होती. कॉर्बेट एका अरुंद, वाळूच्या घळीतून उतरत होता. डाव्या हातात रातव्या पक्ष्याची दोन अंडी. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्याला नाद होता. नरभक्षकाच्या मागावर असतानाही तो सुटला नव्हता! उजव्या हातात .२७५, खटका उघडलेला, नळीचे तोंड वाघिणीच्या नेमके उलट दिशेला. एका मोठ्या शिळेला वळसा घालून त्याने उजव्या खांद्यावरून मागे पाहिले, तर आठ फुटांवर वाघीण बसलेली. दोघांची नजर एकमेकांत अडकली. त्याने रायफल एका हाताने, इतक्या हळू की हालचाल जाणवू नये, पाऊण वर्तुळात फिरवत आणली. हात पुरता ताणला गेला, दस्ता खांद्याला लागलेला नव्हता. तशीच झाडली. गोळीने कणा मोडला आणि हृदय फाडले.

यावर त्याने स्वतःच नंतर हिशेब मांडला आहे. अंडी नसती तर दोन्ही हात रायफलीवर असते, तो गर्रकन वळला असता आणि वाघिणीने झेप घेतली असती. आणि रायफल हलकी नसती तर ती एका हाताने तशी फिरवणे आणि हात ताणून झाडणे शक्यच नव्हते. मला हा प्रसंग सगळ्या तक्त्यांपेक्षा बोलका वाटतो. जड दुनळी त्या घळीत निरुपयोगी ठरली असती. .४१६ची गत बहुधा तीच. डोंगरात दिवसाला पंधरा-वीस मैल एकट्याने तुडवणाऱ्या माणसाच्या हातात संध्याकाळी पाच वाजता जे सहज उचलले जाते, ते त्याचे हत्यार. त्याआधी २ मे १९२६च्या रात्री रुद्रप्रयागचा बिबट्या मेला तोही याच .२७५ने. बद्री-केदारला जाणाऱ्या वाटेवर आठ वर्षांत १२५ माणसे मारणारा तो बिबट्या गुलाबरायच्या आंब्याखाली बांधलेल्या बकरीपाशी आला, नळीला बांधलेली बॅटरी क्षणभर उजळली, नेम दिसला, चाप दाबला आणि बॅटरी विझली.

पण यावरून लहान गोळी श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणारे फसतात. कॉर्बेटचा समकालीन डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बरेचसे याच सात मिलिमीटरने. ते वाचून लहान रायफल उचलणाऱ्यांजवळ बेलचे शरीरशास्त्राचे ज्ञान नसते. कॉर्बेटला हे पक्के ठाऊक होते. नोव्हेंबर १९३८मध्ये ठाकच्या वाघिणीसमोर त्याने हातात घेतली होती जड रायफल. वय त्रेसष्ट. मोहिमेची शेवटची संध्याकाळ, उजेड मावळत चाललेला, मागे त्याच्या भरवशावर आलेली माणसे. वाघाचा आवाज काढून त्याने वाघिणीला जवळ बोलावले होते. नेम धरायला वेळ नव्हता आणि जखमी करून सोडण्याचा प्रश्नच नव्हता. बार झाला तसा धक्क्याने तो अरुंद कपारीवरून मागे फेकला गेला आणि खालच्या माणसांवर पडला. वाघीण मात्र जागीच मेली होती. मग खांद्यातली ती जुनी जखम दिसली.

त्यानंतर त्याने नरभक्षक मारला नाही. कॅमेरा त्याने आधीच हाती घेतला होता. १९३६ साली हेली नॅशनल पार्क झाले, त्यामागे त्याची खटपट होती. दुसऱ्या महायुद्धात छिंदवाड्याला सैनिकांना जंगलातल्या लढाईचे धडे दिले. पहिले पुस्तक १९४४ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. १९४७च्या अखेरीस बहीण मॅगीला घेऊन तो केनियात गेला आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरीला वारला. पार्काला त्याचे नाव मिळाले ते त्यानंतर.

जड दुनळी पुढे अमेरिकेत एल्मर कीथ या बंदुकांवर लिहिणाऱ्या लेखकाकडे गेली. .२७५ त्याने आपल्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, सोपवली होती. कित्येक वर्षांनी ती बनवणाऱ्या रिग्बी कंपनीने परत मिळवली आणि २०१६ साली काही दिवसांसाठी कुमाऊंत आणली. दस्त्यावर चांदीची लहान पट्टी आहे. तीवर ह्यूएट यांचे आणि कॉर्बेटचे नाव, वाघिणीचे गाव आणि १९०७ हे साल कोरलेले आहे.