निर्वासितांची आई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. यंदा ते काम मजकडे आले. मी निवडलेल्या बाईंचे नाव भगिनींपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. परंतु न्यूयॉर्कच्या बंदरातील, हाती मशाल धरलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चित्रात सर्वांनीच पाहिला आहे. त्या पुतळ्याला वाचा दिली ती कवयित्री एमा लाझारस यांनी. त्यांचीच निवड मी का केली, ते शेवटी सांगेन.

एमाबाईंचा जन्म न्यूयॉर्क शहरी २२ जुलै १८४९ रोजी झाला. वडील साखरेचे मोठे व्यापारी. घराणे यहुदी, म्हणजे आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळींच्याच धर्माचे. पण अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले. वडिलांनी घरीच शिक्षक ठेवून मुलीला शिकविले. जर्मन, फ्रेंच, इटालियन भाषा तिला अवगत झाल्या. कोवळ्या वयात केलेल्या कवितांचे आणि भाषांतरांचे तिचे पुस्तक वडिलांनी १८६६ साली छापून दिले. थोर लेखक इमर्सन यांच्याशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. मात्र १८७४ साली त्यांनी जो मोठा काव्यसंग्रह काढला, त्यात तिची एकही कविता घेतली नाही. हे शल्य तिच्या मनाला फार लागले.

असे सुखवस्तू, पुस्तकांत रमलेले आयुष्य पालटले ते १८८१ नंतर. त्या साली रशियाच्या झारचा खून झाला, आणि तेथील यहुद्यांवर हल्ले सुरू झाले. घरेदारे लुटली गेली. हजारो माणसे अंगावरच्या वस्त्रांनिशी न्यूयॉर्कला येऊ लागली. वॉर्ड बेटावरील आश्रयस्थानात एमाबाई १८८२ साली स्वतः गेल्या. धर्म एक असला, तरी त्या लोकांची भाषा, राहणी, दारिद्र्य सारेच त्यांना परके होते. तरीही त्या परत परत गेल्या. तेथील गैरसोयींवर त्यांनी लेख लिहिले, आणि या लोकांना हातचा उद्योग शिकविणारी संस्था उभी राहावी म्हणून खटपट केली.

इकडे फ्रान्सने भेट दिलेल्या पुतळ्यासाठी चौथरा बांधायला पैसा हवा होता. १८८३ साली त्यासाठी भरलेल्या प्रदर्शनाकरिता लेखिका कॉन्स्टन्स हॅरिसन यांनी एमाबाईंकडे कविता मागितली. मागणीबरहुकूम आपण कविता करीत नाही, असे सांगून त्यांनी प्रथम नकार दिला. तेव्हा हॅरिसनबाईंनी त्यांना बेटावरच्या त्या निर्वासितांची आठवण करून दिली. ती मात्रा लागू पडली. नोव्हेंबरात चौदा ओळींचे सुनीत तयार झाले.

पुतळा घडविणाऱ्याच्या मनात होते ते स्वातंत्र्य आणि दोन राष्ट्रांचा स्नेह. एमाबाईंनी मात्र तिला निर्वासितांची आई केले. प्राचीन ग्रीकांचा प्रचंड पुतळा विजयाचे स्मारक होता; ही मूर्ती, जगाने ज्यांना नको म्हटले त्यांच्यासाठी दारात दिवा धरून उभी आहे, असा त्या कवितेचा आशय आहे.

योगायोग असा, की त्याच १८८३ सालच्या जूनमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या होत्या. तेव्हा तेथे पुतळा उभा नव्हता. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी त्याचे अनावरण झाले, तेव्हा आनंदीबाई परतीच्या प्रवासात होत्या. समारंभाला बेटावर स्त्रियांना जवळजवळ मज्जावच होता. कविता कोणी वाचली नाही. एमाबाई तेव्हा युरोपात होत्या. पुढे आजारी होऊन त्या परतल्या, आणि १९ नोव्हेंबर १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, निवर्तल्या. आपल्या आनंदीबाईही त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यास गेल्या.

कविता जवळजवळ विस्मृतीत गेली होती. जॉर्जिना स्कायलर या मैत्रिणीने चिकाटीने प्रयत्न केले, तेव्हा कोठे १९०३ साली ती काशाच्या पाटीवर कोरून चौथऱ्याच्या आत लागली. बंदरातील एलिस बेटावरील नोंदणी-कचेरी १८९२ ते १९५४ पर्यंत चालली. तेथून सुमारे एक कोटी वीस लाख माणसे अमेरिकेत शिरली.

पण देशाने ते वचन नेहमीच पाळले असे नाही. चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा १८८२ चाच. १९१७ च्या कायद्याने हिंदी माणसांनाही बंदी झाली, आणि १९२४ साली तर दार आणखी अरुंद झाले. तरीसुद्धा दार लावण्याची भाषा निघाली, की कोणीतरी ही कविता पुढे करतेच. लिहिलेला शब्द असा घरच्या माणसांनाच जाब विचारीत राहतो.

आता या निवडीचे कारण. मागे एकदा पुरात घर गेलेले एक कुटुंब आमच्या वाड्यात राहावयास आले. पाच माणसे, दोन गाठोडी. त्या दिवशी मी पहिला प्रश्न विचारला तो नळाच्या पाण्याचा : आता आम्हाला पुरणार कसे? त्यांच्या दाराशी जायला मला आठ दिवस लागले. एमाबाईंना कोणाच्या आसऱ्याची गरज नव्हती. गरज होती ती त्यांच्या आसऱ्याची दुसऱ्यांना. त्या उठून बेटावर गेल्या, आणि मगच त्यांच्या हातून ती कविता उतरली. त्यांचे चरित्र वाचताना मला माझे ते आठ दिवस आठवले. भगिनींनो, नवे बिऱ्हाड आले, की आपणांपैकी कोणी तरी पहिल्याच संध्याकाळी तांब्याभर पाणी घेऊन जावे, एवढीच माझी विनंती.